हेल्मेट बदलूनही ब्लास्टरच्या नाकात धूळ येते, तेव्हा काय तपासावे

बडोद्याच्या मकरपुरा आणि पोर-रमणगामडी या औद्योगिक वसाहतींमध्ये टाक्या, स्ट्रक्चर आणि पाइप रंगवण्यापूर्वी ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने ग्रिट, म्हणजे कठीण दाणे, मारून पृष्ठभाग साफ करणे) करून घेणारी अनेक छोटी-मोठी शेड आहेत. तेथील ब्लास्टरांची एक तक्रार काही केल्या संपत नाही. हवेच्या पुरवठ्याचे हेल्मेट पूर्ण वेळ घातलेले असूनही पाळी संपल्यावर नाकात, ओठांवर आणि हनुवटीखाली धूळ सापडते. सुपरवायझर खरेदी विभागाकडे नवे हेल्मेट मागतो, ते आल्यावर काही दिवस तक्रार थांबते आणि पुन्हा सुरू होते. मग "कामगार हेल्मेट नीट घालत नाहीत" असा निष्कर्ष काढून विषय मिटवला जातो. हा निष्कर्ष क्वचितच बरोबर असतो. बहुतेक वेळा दोष हेल्मेटमध्ये नसून हेल्मेटपर्यंत येणाऱ्या हवेत असतो आणि तो हवेच्या मार्गाने उलट चालत गेल्याशिवाय सापडत नाही.

याचे कारण या हेल्मेटच्या कार्यपद्धतीत आहे. हवा पुरवणारे ब्लास्टिंग हेल्मेट धूळ गाळत नाही. होजमधून आलेली स्वच्छ हवा डोक्यावरून चेहऱ्यावर उतरते, गळ्याच्या कॉलरमधून खांद्यांवरच्या केपखाली जाते आणि तेथून बाहेर पडते. सतत बाहेर जाणारा हा प्रवाह हेच खरे संरक्षण असते. प्रवाह पुरेसा नसेल, तर ब्लास्टिंगची जड होज पेलत काम करणाऱ्या माणसाचा श्वास काही क्षण मिळणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवा मागतो, आणि कमी पडलेली हवा कॉलरखालून, म्हणजे थेट धुळीतून, ओढली जाते. अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मान्यता-नियमांनुसार अशा सैल बसणाऱ्या हेल्मेटला मिनिटाला किमान ६ घनफूट, म्हणजे १७० लिटर, हवा मिळाली पाहिजे, आणि कमाल मर्यादा १५ घनफूट, म्हणजे ४२५ लिटर, आहे. ही हवा कोणत्या लांबीच्या होजला किती दाब ठेवल्यावर मिळेल, याचा तक्ता हेल्मेटच्या पुस्तिकेत छापलेला असतो. पुस्तिका हरवली असेल तर पुढचे काही करण्याआधी ती मागवावी, कारण त्या तक्त्याशिवाय रेग्युलेटरवरचा आकडा निरर्थक आहे.

"थोडीफार धूळ तर येणारच" हे उत्तर येथे स्वीकारू नये. नाकात दिसणारी धूळ ही जाड धूळ असते. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण सुमारे १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. जाड धूळ आत येत असेल, तर बारीक धूळही त्याच वाटेने येत आहे, असे धरूनच चालावे लागते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये श्वसनयोग्य स्फटिकी सिलिकेसाठी (क्वार्ट्झसारख्या खनिजाच्या, फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीसाठी) आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. घनमीटरभर हवेत इतकी धूळ असली तरी ती नजरेस पडत नाही. खंभातचे अकीक घासणारे कारागीर आणि गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या गिरण्यांत राबलेले झाबुआ-अलिराजपूरचे मजूर यांना सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, काय केले, हे बडोद्यापासून फार दूर जाऊन पाहावे लागत नाही.

तक्रार नेमकी केव्हा होते

ब्लास्टरला पहिला प्रश्न "धूळ येते का" असा न विचारता "केव्हा येते" असा विचारावा. ट्रिगर दाबल्यावर येत असेल, तर शंका हवेच्या पुरवठ्यावर घ्यावी. हेल्मेट घातल्याबरोबर, काम सुरू होण्यापूर्वीच धुळीचा वास येत असेल, तर ते ठेवण्याची जागा आणि आतले अस्तर पाहावे. काम संपल्यानंतर येत असेल, तर हेल्मेट काढण्याची वेळ तपासावी. दिवसभर सारखीच येत असेल, तर केप, कॉलर आणि काचेभोवतीचे रबर पाहावे. चेहऱ्यावरच्या खुणांचीही मदत होते. हनुवटीखाली पट्टा उमटला असेल तर वाट कॉलरची असण्याचा संभव असतो, डोळ्यांभोवती धूळ असेल तर काचेच्या गॅस्केटची. पाळीच्या सुरुवातीला हेल्मेटचा आतला भाग ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून घ्यावा आणि शेवटी दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुन्हा पुसून पाहावा. धूळ त्या पाळीतच आत आली की आधीपासून होती, हे लगेच कळते.

चाचणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट आधी उरकावी. डेडमन हँडलला (हात सोडताच मारा बंद करणाऱ्या ट्रिगरला) तार, चिकटपट्टी किंवा ट्यूबचा तुकडा बांधलेला असेल, तर तो काढावा आणि हात सोडल्यावर मारा लगेच थांबतो याची खात्री करावी. मारा थांबायला वेळ लागत असेल तर कंट्रोल लाइनमध्ये गळती किंवा पॉटच्या (ग्रिट भरलेल्या दाबाच्या टाकीच्या) व्हॉल्व्हमध्ये बिघाड असतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत चाचणीही करू नये. होजच्या प्रत्येक कपलिंगला सुरक्षा पिन आणि दोन्ही बाजूंना धरणारी तारेची दोरी आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. शंभर पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला सुटलेली होज माणसाला गंभीर जखमी करते.

ट्रिगर दाबला की हवा कमी होते

या तक्रारीत सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष हाच, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

रेग्युलेटरवरचा दाब बहुतेक ठिकाणी सकाळी, नोझल (ब्लास्टिंगच्या होजचे तोंड) बंद असताना, तपासला जातो. त्या वेळी तो नेहमीच बरोबर असतो. तपासणी करायची ती सर्व नोझल चालू असताना, सर्व हेल्मेटे घातलेली असताना आणि त्याच कॉम्प्रेसरवर चालणारे ग्राइंडर व पेंट गन सुरू असताना. एका माणसाने श्वसनहवेच्या पॅनेलवरील गेजसमोर उभे राहावे आणि ब्लास्टरला ट्रिगर दाबायला सांगावे. काटा खाली उतरून पुस्तिकेतल्या तक्त्याच्या आकड्याखाली गेला, तर दोष सापडला असे समजावे. ट्रिगर सोडल्यावर काटा पुन्हा वर येतो, म्हणूनच सकाळच्या तपासणीत तो दिसत नाही.

काटा उतरण्याचे पहिले कारण झिजलेले नोझल. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण नोझलची झीज हा ते ग्रिटच्या खर्चाचा विषय समजतात. १०० पीएसआय दाबाला ३/८ इंची नोझल मिनिटाला सुमारे १९५ घनफूट हवा घेते. तेच नोझल एक-सोळांश इंच झिजून ७/१६ इंच झाले की सुमारे २५५ घनफूट घेते. वाढीव साठ घनफुटांत चार हेल्मेटे कमाल मर्यादेपर्यंत चालली असती. आणखी झिजून अर्ध्या इंचावर गेले तर मागणी ३४० च्या आसपास पोहोचते, आणि ३/८ इंचाच्या हिशेबाने घेतलेला कॉम्प्रेसर हा भार पेलू शकत नाही. लाइनमधला दाब पडतो. रेग्युलेटर दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही, म्हणून पुढचा दाब मागच्याबरोबर खाली येतो. याच कारणामुळे नवे हेल्मेट आल्यावर तक्रार काही दिवस थांबल्यासारखी वाटते: नवी कॉलर घट्ट असते आणि कमी हवेतही थोडी तगते. ती सैल झाली की दोष पुन्हा उघडा पडतो. मूळ मापाच्या ड्रिल बिटचा दांडा किंवा नोझल गेज नोझलच्या घशात घालून पाहावा, आणि भोक एक-सोळांश इंचाने वाढलेले असेल तर ते नोझल भंगारात टाकावे. नोझल तपासताना पॉटमधला दाब पूर्ण सोडलेला असावा, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

दुसरे कारण जोडणीचे. श्वसनहवेची बारीक लाइन ब्लास्टिंगच्या मुख्य लाइनवर, पॉटच्या अगदी जवळ टी बसवून काढलेली असते, कारण तेथून पाइप कमी लागतो. पॉट भरताना आणि नोझल उघडताना सर्वात जास्त दाब पडतो तो नेमका त्याच ठिकाणी. श्वसनहवा रिसीव्हरवरून (कॉम्प्रेसरची हवा साठवणाऱ्या टाकीवरून) स्वतंत्र काढून स्वतःच्या ड्रेन, फिल्टर आणि रेग्युलेटरमधून न्यावी. हे जमत नसेल, तर तेलविरहित, कमी दाबाचा स्वतंत्र श्वसनहवा पंप घेण्याचा विचार करावा. मात्र त्याच्याबरोबर कमी दाबासाठीच बनवलेले हेल्मेट लागते, उच्च दाबाचे हेल्मेट त्यावर चालत नाही.

तिसरे कारण होज. मूळ होज फाटली की दुकानातून मिळेल ती, कित्येकदा वेल्डिंगची होज जोडली जाते, आणि काम लांब असेल तर दोन-तीन तुकडे जोडून ती वाढवली जाते. नायॉशच्या नियमांत श्वसनहवेच्या होजची कमाल लांबी ३०० फूट आहे, आणि प्रत्येक जोडणीला व कमी व्यासाला दाबाची किंमत मोजावी लागते. हेल्मेटच्या मान्यतेत होजचाही समावेश असतो. ती बदलली की मान्यता उरत नाही.

हवा पुरेशी आहे, पण ती कोणती हवा आहे

दाब दुरुस्त झाल्यावर धुळीची तक्रार बहुधा थांबते. तरीही ब्लास्टर डोके दुखते, मळमळते किंवा तेलाचा वास येतो असे म्हणत असेल, तर त्या दिवशीचे ब्लास्टिंग थांबवावे. श्वासाच्या हवेसाठी अमेरिकी ग्रेड डी या प्रतीची मर्यादा अशी आहे: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएम, आणि घनमीटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नाही. तेलाचे वंगण असलेला स्क्रू कॉम्प्रेसर अति तापला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू वासहीन आहे, आणि सक्रिय कोळशाचा फिल्टर तेलाचा वास काढून टाकतो पण या वायूला अडवत नाही. म्हणजे फिल्टर बसवल्यावर धोक्याची सूचना देणारा वास तेवढा जातो आणि धोका राहतो. म्हणून कॉम्प्रेसरला जास्त तापमानाचा अलार्म आणि श्वसनहवेच्या लाइनवर कार्बन मोनॉक्साइडचा मॉनिटर असला पाहिजे. या वायूचे रूपांतर करणारे उत्प्रेरक फिल्टर मिळतात, पण ओलाव्याने ते निकामी होतात, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ड्रायरशिवाय लाइन कोरडी राहत नाही.

कॉम्प्रेसरची हवा खेचण्याची जागाही पाहावी. वीज गेल्यावर सुरू होणारा डिझेल जनरेटर बहुधा कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारीच असतो. इंटेक त्याच्या धुराड्याच्या बाजूला असेल, तर वीज नसते तेव्हाच डोके दुखते आणि ती आल्यावर दुखणे थांबते, आणि हा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही. इंटेक ब्लास्ट रूमच्या दाराकडे तोंड करून असेल, तर बारीक धूळ कॉम्प्रेसरमार्फत हेल्मेटमध्ये येते. इंटेक उंच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जनरेटर, पेंट बूथ आणि ब्लास्टिंग या तिघांपासून दूर न्यावा.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आणखी एक धोका असतो, आणि तो धुळीपेक्षा कितीतरी लवकर जीव घेतो. टिग वेल्डिंगसाठी आर्गॉनची आणि पर्जिंगसाठी (पाइपमधली हवा हुसकून लावण्यासाठी) नायट्रोजनची लाइन त्याच भिंतीवरून गेलेली असते आणि सगळीकडे एकाच प्रकारचे क्विक कपलर बसवलेले असतात. हेल्मेटची होज चुकून नायट्रोजनला लागली, तर कामगाराला गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही आणि एक-दोन श्वासांत तो बेशुद्ध पडतो. लाइनला रंग देणे किंवा पाटी लावणे येथे पुरेसे नाही. श्वसनहवेचे कपलर असे असावे की दुसऱ्या कोणत्याही लाइनला ते बसूच शकणार नाही. वर सांगितलेल्या सर्व दुरुस्त्यांपैकी आज एकच करता येणार असेल, तर मी ही आधी करीन.

कॉलर सैल का असते

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये, केप आणि चामडी हातमोजे घालून उभा असलेला माणूस कॉलरची दोरी सोडणारच. त्याला दटावून काही उपयोग नाही. कमरेच्या पट्ट्यावर बसणारी व्होर्टेक्स ट्यूब हवा थंड करून देते, पण ती साध्या व्हॉल्व्हपेक्षा बरीच जास्त हवा घेते. म्हणून आधी वरील दाबाची चाचणी व्होर्टेक्स ट्यूब लावून पुन्हा करावी. कामाच्या मध्ये सावलीत विश्रांती ठेवणे आणि ब्लास्टिंगचे काम सकाळी लवकर उरकणे हे उपाय अधिक स्वस्त आहेत, आणि मला ते अधिक खात्रीचेही वाटतात.

काचेचाही असाच संबंध आहे. उडणाऱ्या ग्रिटने बाहेरची काच दुधाळ होते, दिसेनासे होते आणि मग ब्लास्टर एका हाताने हेल्मेट उचलून पृष्ठभाग पाहतो. काचेवरच्या पातळ फिल्म ब्लास्टरच्या हाताशी असाव्यात, स्टोअरच्या कुलपात नसाव्यात.

काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर

हेल्मेट ब्लास्ट रूममध्येच खिळ्याला अडकवून ठेवले, तर रात्रभर उडालेली धूळ अस्तरात बसते आणि सकाळी हवा सुरू झाल्याबरोबर तोंडावर येते. ते पुसून, पिशवीत घालून, रूमच्या बाहेर ठेवावे. अस्तर धुता येण्याजोगे असते, ते धुवावे, आणि एकच हेल्मेट दोघांनी वापरू नये.

ट्रिगर सोडल्यानंतर जाड ग्रिट लगेच खाली बसते, बारीक धूळ बराच वेळ तरंगत राहते. एक्झॉस्ट चालू ठेवून हवा स्वच्छ होईपर्यंत, आणि अंगावरचे कपडे व्हॅक्यूमने साफ होईपर्यंत, हेल्मेट काढू नये. हवेच्या होजने अंग झटकण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती दुहेरी वाईट आहे, कारण झटकलेली धूळ हेल्मेट काढलेल्या माणसाच्याच तोंडाजवळ उडते आणि दाबाची हवा जखमेतून किंवा कानातून शरीरात शिरू शकते. डस्ट कलेक्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक दाखवणारा मॅनोमीटर रोज पाहावा. फरक खूप वाढला असेल तर बॅग तुंबल्या आहेत, आणि अचानक खूप कमी झाला असेल तर एखादी बॅग फाटली असण्याची शक्यता आहे.

पॉटमध्ये ग्रिट ओतणाऱ्या हेल्परला मात्र सगळे विसरतात. त्याच्या तोंडावर गमछा असतो, आणि गमछा बारीक धूळ अडवत नाही. पिशव्या फाडणे आणि साठलेली ग्रिट झाडणे या कामांत त्याला धुळीचा बराच मारा बसतो. त्याला चेहऱ्यावर नीट बसणारा, योग्य दर्जाच्या कार्ट्रिजचा मास्क द्यावा आणि तो ब्लास्टिंगच्या जागेपासून दूर राहील अशी जागा आखावी.

पॉटमध्ये काय भरले आहे

हेल्मेटमध्ये येणारी धूळ कशाची आहे, यावर बाकी सर्व अवलंबून आहे. ओरसंग किंवा महीची वाळू स्वस्त मिळते, म्हणून काही ठेकेदार आजही ती वापरतात. नदीच्या वाळूत बहुतांश क्वार्ट्झ असते, आणि पृष्ठभागावर आदळून फुटलेल्या क्वार्ट्झचे ताजे कण सर्वात घातक असतात. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी सिलिका असलेल्या वाळूने ब्लास्टिंग करणे बंद केले, आणि नायॉशने १९७४ मध्ये एक टक्क्यापेक्षा जास्त स्फटिकी सिलिका असलेले द्रव्य ब्लास्टिंगला वापरू नये अशी शिफारस केली. वाळू वापरली जात असेल, तर वर लिहिलेली कोणतीही दुरुस्ती पुरेशी समजू नये. आधी वाळू बंद करावी.

पर्याय अनेक आहेत. बंद रूममध्ये, जेथे ग्रिट गोळा करून पुन्हा वापरता येते, तेथे स्टील ग्रिट सर्वात कमी धूळ करते. उघड्यावर गार्नेट चालते. कॉपर स्लॅग गुजरातमध्ये सहज मिळते, कारण दहेजला तांबे वितळवण्याचा मोठा कारखाना आहे. तिच्यात मुक्त सिलिका अगदी कमी असते, पण अर्सेनिकसारख्या जड मूलद्रव्यांचे अंश असू शकतात, म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचा विश्लेषण अहवाल मागावा. आणि जुना रंग काढायचा असेल, तर ग्रिट कितीही शुद्ध असली तरी धूळ त्या रंगाची असते. जुन्या पुलांच्या आणि टाक्यांच्या खालच्या थरात शेंदरी रंगाचे रेड लेड किंवा पिवळे झिंक क्रोमेट सापडते. अशा कामात जेवणापूर्वी हात-तोंड धुणे आणि कामाचे कपडे घरी न नेणे हेही हेल्मेटइतकेच आवश्यक आहे.

ज्यांनी बराच काळ धूळ घेतली आहे

दोष सापडला आणि दूर झाला, तरी तोपर्यंत त्या हेल्मेटमध्ये श्वास घेतलेल्या माणसांची तपासणी बाकी राहते. सिलिकोसिस सामान्यतः दहा किंवा अधिक वर्षांनी दिसतो, पण ब्लास्टिंगसारख्या तीव्र माऱ्यात तो पाच-दहा वर्षांत, आणि फार तीव्र माऱ्यात त्याहूनही खूप लवकर दिसू शकतो. काम सोडल्यावरही तो वाढत राहतो आणि त्याला बरे करणारे औषध नाही. छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची कार्यक्षमता तपासणारी स्पायरोमेट्री कामावर घेतानाच करून ठेवावी, म्हणजे पुढच्या तपासणीला तुलनेचा आधार मिळतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरने शासनाला कळवायच्या रोगांत, घातले. प्रत्यक्षात मात्र खोकला आणि वजन घटणे पाहून डॉक्टर क्षयाचे औषध सुरू करतात, आणि सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयही लवकर जडत असल्याने ते पूर्णपणे चुकीचेही ठरत नाही. म्हणून ईएसआयच्या किंवा कोणत्याही डॉक्टरकडे जाताना कामगाराबरोबर कारखान्याच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी द्यावी. त्या चिठ्ठीत तो किती वर्षे ब्लास्टिंग करतो, कोणती ग्रिट वापरतो, पूर्वी कधी वाळूवर काम केले आहे का, आणि हेल्मेटच्या हवेचा दोष केव्हा सापडला, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे.